टेबलाला फूटपट्टी, माणसाला सवलत

'डाउन्टन ॲबी' या इंग्लंडमधल्या एका खानदानी घराच्या आणि त्याच्या नोकरांच्या मालिकेतला रात्रीच्या जेवणाचा कोणताही प्रसंग मध्येच थांबवून चित्र नीट न्याहाळा. दर खुर्चीसमोर साधारण दोन फुटांची जागा, सगळ्या काट्यांचे दांडे एका रेषेत, उजव्या हाताला पेल्यांची ओळ, रुमालाची घडी साधी आणि तिच्यात खोचलेला पाव. २०१०मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेने चमचा कुठे ठेवायचा, हातमोजे कोणी घालायचे, कोण उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हे सांगायला ॲलिस्टर ब्रूस या इतिहासाच्या सल्लागारांना नेमलं होतं. त्यांच्या काटेकोरपणाचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं.

त्याच टेबलामागे पांढरे हातमोजे घालून थॉमस बॅरो उभा असतो. तो पहिला फूटमन, म्हणजे जेवण वाढणारा वर्दीतला नोकर आहे, समलिंगी आहे आणि गोष्ट सुरू होते तेव्हा साल आहे १९१२. पुरुषाने पुरुषाशी जवळीक केली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, वर सक्तमजुरी, असा तेव्हाचा कायदा. थॉमसची गोष्ट मालिका आपुलकीने सांगते, पण टेबलाला लावलेली फूटपट्टी त्याच्या आयुष्याला लावायची वेळ आली की तिचा हात सैल पडतो. ब्रिटिश टीव्हीवरच्या समलिंगी पात्रांबद्दल वाद घालायचाच असेल, तर तो इथे घालायला हवा.

सध्या चालतो तो वाद भलताच आहे. एक बाजू म्हणते, जुन्या काळाच्या मालिकेत ही पात्रं मुद्दाम घुसवतात. त्या काळी असलं काही नव्हतं. दुसरी म्हणते, दाखवलं हेच पुष्कळ, आता खोड्या काढू नका. दोघांचंही लक्ष पात्र आहे की नाही एवढ्यावरच. ते किती खरं उतरलं आहे, हे कोणी विचारत नाही. काट्याच्या बाबतीत मात्र लोक हाच प्रश्न विचारतात; मासे खायची सुरी चुकीच्या घरात दिसली तर पत्रं लिहितात. (जुन्या खानदानी घरांत अशा सुऱ्यांना नाक मुरडलं जाई, कारण त्या व्हिक्टोरियन काळात निघालेल्या, म्हणजे वारशाने न येता दुकानातून विकत आणलेल्या.)

जेवणाच्या रीती आणि समलिंगी माणसांचा इतिहास या दोन गोष्टी इथे एकत्र का घेतल्या, असं वाटेल. ब्रिटनमध्ये त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत: कोणी कोणासोबत बसायचं. हे समजायला आधी वाढप समजून घ्यावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत फ्रेंच पद्धतीने जेवण मांडलं जाई. एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर येत, दोन्ही बाजूंना जुळी भांडी, टोकांना सूप आणि मासा. सूप संपलं की ते भांडं उचलायचं आणि त्याच जागी भाजलेलं मांस ठेवायचं. मांस यजमान स्वतः कापे. पाहुणे आपल्या पुढ्यातलं शेजाऱ्याला वाढत आणि लांबचं हवं असेल तर मागून घेत. थाट मोठा, पण निम्मं अन्न गार झालेलं, आणि भिडस्त माणसाच्या वाट्याला समोर येईल ते. रशियन पद्धतीत टेबलावर फक्त फुलं, फळं आणि दिवे. मांस बाजूच्या टेबलावर कापलं जातं आणि नोकर एकेक पदार्थ क्रमाने फिरवतो. पॅरिसमधले रशियाचे राजदूत कुराकिन यांच्या नावाशी, १८१०च्या सुमाराशी, तिची सुरुवात जोडली जाते. इंग्लंडमध्ये ती १८५०नंतर हळूहळू रुळली. घरकामावरच्या गाजलेल्या पुस्तकाच्या लेखिका इझाबेला बीटन यांनी १८६१मध्येच गृहिणींना बजावलं होतं की ही पद्धत छोट्या घराच्या आवाक्यातली नाही. नोकर फार लागतात आणि कापायला-वाढायला माणसं हाताशी नसतील तर फजिती होते.

या बदलाचा एक परिणाम मालिकावाल्यांच्या नजरेतून बहुधा सुटतो. फ्रेंच पद्धतीत फूटमन भिंतीपाशी उभा राहून बोलावण्याची वाट बघे. रशियन पद्धतीत तो एका रात्रीत दर पाहुण्याच्या डाव्या खांद्यापाशी आठ-दहा वेळा वाकू लागला. तळहातावर घडी केलेला रुमाल, त्यावर गरम थाळी, वाढायच्या चमच्याचे दांडे पाहुण्याकडे. थाळी प्लेटच्या कडेला जवळजवळ टेकेल इतकी खाली धरायची. वर धरली तर रस्सा सांडतो, कारण पाहुण्याला हात उचलून घ्यावं लागतं. उजवीकडून पुढे केली तर त्याचा हात स्वतःच्याच अंगावरून आडवा जातो. रुमाल पातळ असेल तर तळहात भाजतो आणि चेहऱ्यावर ते दिसू द्यायचं नाही. बारा पाहुण्यांना एकच माणूस फिरला तर शेवटच्याला थंडगार मिळतं, म्हणून दोन फूटमन दोन बाजू वाटून घेत आणि मागून तिसरा सॉस घेऊन येई. वाइन उजवीकडून, आणि ती ओतायची बटलरने, म्हणजे नोकरांच्या मुख्याने. बटलर हातमोजे घालत नसे, फूटमन घाले. ज्या माणसाला घराने अदृश्य मानलं होतं, त्याला जेवणाच्या नव्या पद्धतीने दर पाहुण्याच्या कानापाशी आणून उभं केलं.

आणि हा माणूस निवडला जाई तो दिसण्यावर. समाजसंशोधक चार्ल्स बूथ यांच्या लंडनच्या पाहणीत फूटमनचे पगार उंचीप्रमाणे दिलेले आहेत: दुसऱ्या क्रमांकाचा फूटमन पाच फूट सहा इंचांचा असेल तर वर्षाला २० ते २२ पौंड, पाच फूट दहाच्या वर असेल तर २८ ते ३० पौंड. शक्यतो सारख्या उंचीची जोडी ठेवत. पुरुष नोकर ठेवण्यावर १७७७पासून कर होता, तो थेट १९३७मध्ये उठला. सुंदर पोटऱ्यांचा उंच तरुण वर्दीत उभा करणं ही ऐपतीची जाहिरात होती. एका पुरुषाच्या देहाची अशी उघड मांडणी करायची आणि त्याच्याकडे बघायचं मात्र नाही, असा तो सगळा मामला. एखाद्या पाहुण्याची नजर क्षणभर जास्त रेंगाळली तर काय, ही पटकथेला केवढी मोठी सामग्री! १९७१च्या 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'ने पहिल्याच पर्वात ती उचलली होती: घरच्या मुलीला मागणी घालणाऱ्या जर्मन बॅरनचं फूटमन आल्फ्रेडशी प्रकरण. धाडस मोठं होतं, पण शेवट त्या काळाला साजेसा. आल्फ्रेड पुढे परत येतो तो खुनी म्हणून.

टेबलाचं गणित आणखी एका अर्थाने या विषयाच्या मुळाशी आहे. जेवायला जाताना सर्वांत मानाच्या बाईला घेऊन यजमान पुढे, सर्वांत मानाच्या पुरुषासोबत यजमानीण शेवटी, आणि मधल्या जोड्या हुद्द्याप्रमाणे. बसायचं ते पुरुष, बाई, पुरुष, बाई असं. अर्धं जेवण एका बाजूच्या शेजाऱ्याशी बोलायचं. यजमानीण दुसरीकडे वळली की सगळ्या टेबलाने वळायचं. एक जण जरी वळला नाही तर टेबलभर गोंधळ, कारण कुणीतरी एकटं पडतं. या रचनेत जोडी हाच पाया. त्यामुळे एकटी बाई यजमानिणीच्या डोक्याला ताप, आणि एकटा, चांगल्या कपड्यांतला, गोड बोलणारा अविवाहित पुरुष म्हणजे देवासारखा. आयत्या वेळी आकडा बिघडला की त्यालाच निरोप जाई. वरच्या वर्गातल्या कित्येक समलिंगी पुरुषांना समाजाने ही खुर्ची दिली होती. अट एकच: त्याने एकटंच यायचं. त्याचा जिवलग दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर, कुणाची तरी जोडी पुरी करत बसलेला असे. इतकी क्रूर आणि इतकी सभ्य सोय दाखवायला एकही जादा संवाद लागत नाही, फक्त बसण्याच्या जागांचा तक्ता लागतो. तरीही आजवरच्या मालिकांनी ती क्वचितच वापरली आहे.

'त्या काळी असलं काही नव्हतं' म्हणणाऱ्यांनी १८९५च्या एप्रिलमधलं लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचं कामकाज वाचावं. लेखक ऑस्कर वाइल्डवर क्वीन्सबरीच्या मार्क्विसने समलिंगी संबंधांचा आरोप केला, म्हणून वाइल्डने त्या सरदारावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता आणि मार्क्विसचे वकील एडवर्ड कार्सन उलटतपासणी घेत होते. प्रश्न कशाकशाचे? केटनर्स उपाहारगृहातल्या खासगी खोलीचे, शॅम्पेनचे, सोबत कोण जेवायला बसलं होतं याचे. पार्कर बंधूंपैकी एक व्हॅले, म्हणजे साहेबाचा खासगी नोकर, आणि दुसरा घोडे राखणारा, हे ठाऊक होतं का, असं कार्सननी विचारलं. ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी फिकीर केली नसती, अशा अर्थाचं उत्तर वाइल्डने दिलं. पुढच्या, खुद्द वाइल्डवरच भरलेल्या खटल्यात चार्ल्स पार्करने अशा एका जेवणाचं वर्णन केलं: लाल शेड लावलेल्या मेणबत्त्या, जेवताना शॅम्पेन, नंतर कॉफी आणि ब्रँडी. ज्युरीसमोर हा मेनू पुराव्यासारखा मांडला जात होता. ज्याने खुर्चीमागे उभं राहायचं तो खुर्चीत बसला, आणि त्याच्या पेल्यात बर्फात गार केलेली वाइन ओतली गेली. यातून बाकीचं काय ते ज्युरीने समजून घ्यावं. पंक्तिप्रपंच मोडला हाच गुन्ह्याचा अर्धा पुरावा. २५ मे १८९५ला वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

साठ वर्षांनीही सूर तोच. १९५४मध्ये विंचेस्टरला लॉर्ड माँटेग्यू, मायकल पिट-रिव्हर्स आणि पत्रकार पीटर वाइल्डब्लड यांच्यावर समलिंगी संबंधांबद्दल खटला चालला. फिर्यादी पक्षाचा भर कशावर? हवाई दलातले साधे जवान या मंडळींच्या पंगतीला आलेच कसे, यावर. लॉर्डला एक वर्ष, बाकी दोघांना दीड-दीड वर्ष. बीबीसीने २०१७मध्ये या खटल्यावर 'अगेन्स्ट द लॉ' केला, त्यात नाट्यप्रसंगांच्या अधूनमधून त्या काळातून गेलेले खरे वृद्ध पुरुष कॅमेऱ्यासमोर बोलतात. दिसायला साधा, बिनथाटाचा चित्रपट आहे; पण कायदा माणसाच्या घरात कसा शिरतो, हे त्यात जेवढं कळतं तेवढं डाउन्टनच्या सहा पर्वांत कळत नाही.

आता पुन्हा थॉमसकडे. मालिका जिथे बरोबर आहे, तिथे ती कागदामुळे बरोबर आहे. पहिल्याच भागात क्रोबरोचा ड्यूक पाहुणा म्हणून येतो आणि थॉमसने जपून ठेवलेली आपली प्रेमपत्रं शोधून आगीत टाकतो. हे शंभर टक्के खरं वाटतं, कारण १८८५च्या कायद्यातलं अकरावं कलम, खासदार लाबूशेर यांनी ऐनवेळी घुसवलेलं, खासगीतल्या कृत्यालाही लागू होतं आणि नेमकं काय केलं हे त्यात धड सांगितलेलंच नव्हतं. म्हणून पत्र हाच पुरावा आणि पत्र हीच कमाई; त्या कलमाला लोक खंडणीखोरांची सनद म्हणत. तिसऱ्या पर्वातली, झोपलेल्या फूटमन जिमीचं थॉमसने चुंबन घेण्याची गोष्टही जिवंत होते ती शिफारसपत्राच्या मुद्द्यावर. हाकलून द्यायचं तर द्या, पण पत्राशिवाय, असा मालकिणीच्या दासीचा, ओब्रायनबाईंचा डाव. नोकराला आधीच्या मालकाचं पत्र नसेल तर पुढचं दार उघडतच नाही. खोटं पत्र देणं हा १७९२पासून वीस पौंड दंडाचा गुन्हा. सहानुभूती वाटणाऱ्या मालकालाही हात आखडता घ्यावा लागे तो यामुळे. थॉमसचा हाडवैरी, लॉर्डचा व्हॅले बेट्स त्याच्यासाठी धावतो तो पत्रासाठीच. तुरुंगापेक्षा या कोऱ्या कागदाची भीती मोठी, हे ज्याने लिहिलं त्याला नोकरांचं जग माहीत होतं.

आणि मग मालिका ढिली पडते. थॉमसच्या तक्रारीवरून पोलीस दारात येतात आणि घराचे धनी लॉर्ड ग्रँथम साक्षीदाराला समजावून परत पाठवतात. शाळेत असले प्रकार पुष्कळ पाहिलेत, असं हसत सांगतात. थॉमस चक्क बढती मिळवून अंडर-बटलर होतो, आणि त्यामागे क्रिकेट सामन्यात तो हवा, हेही एक कारण! (हे मात्र इंग्लंडात घडू शकलं असतं, असं मानायला जागा आहे.) एखाददुसरा असा धनी असेलही. पण स्वयंपाकीणबाईंपासून लॉर्डपर्यंत जवळजवळ सगळं घरच १९२०मध्ये इतकं समजूतदार निघावं, आणि एकट्या बटलर कार्सनने काय तो तिटकारा दाखवावा, हे त्या घरात सगळ्यांनी एकाच काट्याने सूप पिण्याइतकं चुकीचं आहे. प्रेक्षकाला लॉर्ड आवडायला हवेत, म्हणून कायद्याची धार बोथट केली. सवलत थॉमसला मिळाल्यासारखी दिसते. खरी मिळते ती त्याच्या मालकाला.

पाचव्या पर्वात, म्हणजे १९२४मध्ये, थॉमस स्वतःला 'बरं' करण्यासाठी लंडनला जाऊन विजेचे उपचार घेतो, सुया टोचून घेतो, जखम चिघळते आणि डॉक्टर सांगतात की त्या औषधात मिठाच्या पाण्यापलीकडे काही नव्हतं. भोंदू जाहिराती तेव्हाही होत्या, त्यामुळे मिठाचं पाणी पटतं. पण समलिंगी पुरुषांना विजेचे झटके देण्याचा प्रकार ब्रिटिश रुग्णालयांत प्रामुख्याने चालला तो १९५० ते १९७०च्या दशकांत. तीस वर्षांनंतरचं दुःख उचलून आधीच्या माणसाच्या अंगावर घातलं गेलं. १९५४चा पेला १९२४च्या टेबलावर आला असता तर चित्रीकरण थांबलं असतं. इथे कोणी थांबवलं नाही. शिवाय दोष एका लफंग्या दवाखान्यावर गेला. मोठ्या रुग्णालयांतल्या पांढऱ्या कोटांवर तो जायला हवा होता, ते सुटले.

काही अडचणी कॅमेऱ्याच्या आहेत, हे मान्य करायला हवं. जेवणाचा प्रसंग बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपतात. त्या चौकटीत फूटमन छातीपासून वर कापला जातो, उरतात दोन हातमोजे आणि एक थाळी. बारा जण जेवत असतील तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा घ्यावा लागतो, आणि दर वेळी मेणबत्तीची उंची, पेल्यातली वाइन, प्लेटमधले वाटाणे जुळवावे लागतात. अन्न तासन्‌तास दिव्यांखाली पडून राहतं, त्यामुळे जे लवकर वास मारतं ते टाळायचं. भरीला डाउन्टनचं स्वयंपाकघर ईलिंग स्टुडिओत आणि भोजनगृह हायक्लेअरच्या खऱ्या वाड्यात. थाळी घेऊन फूटमन दारातून बाहेर पडतो तो काही दिवसांनी साठ मैलांवर आत येतो. इतक्या कटकटीत टेबलामागच्या चेहऱ्यासाठी वेगळा कोन कोण लावणार? पण वाढताना तो वाकतो तेव्हा त्याचा चेहरा आपसूक चौकटीत येतो. रशियन पद्धतीने दिलेली ही फुकटची जागा आहे. तिथे दोन सेकंद थांबायला खर्च नाही.

ज्यांनी हा काटेकोरपणा माणसांपर्यंत नेला, त्यांची कामं वेगळी उठून दिसतात. 'जंटलमन जॅक' (२०१९ आणि २०२२) हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डन हॉलच्या ॲन लिस्टर या स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या जमीनदारणीवर आहे. स्त्रियांमधले संबंध ब्रिटिश कायद्याने कधीच गुन्हा ठरवले नाहीत. १९२१मध्ये तसा प्रयत्न संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये मंजूर झाला आणि वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सनी तो फेटाळला. गुन्हा नाही म्हणून खटले नाहीत, खटले नाहीत म्हणून कागद नाहीत. अशा वेळी लिस्टरची रोजनिशी म्हणजे घबाड: सुमारे ५० लाख शब्द, त्यातला सहावा हिस्सा तिने स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत. कोळशाचा भाव, चाललेले मैल, आलेली पत्रं, रात्रीचा प्रणय, सगळं एकाच शिस्तीने नोंदलेलं. लेखिका सॅली वेनराइट यांनी ती शिस्त पटकथेत उतरवली. त्यामुळे शिब्डनच्या टेबलावर वडील, आत्या आणि कुरकुरणारी बहीण मॅरियन यांच्यामध्ये लिस्टरची जोडीदार ॲन वॉकर हिच्यासाठी खुर्ची कुठे, हा प्रश्न मालमत्तेचा, मानाचा आणि प्रेमाचा असा तिन्ही अंगांनी उभा राहतो. १८३४मध्ये वॉकर त्या घरात राहायला आली. प्रेमाची कबुली सोपी होती. मृत्युपत्रं बदलणं अवघड. मालिकेने अवघड भागाला वेळ दिला.

२०१८च्या 'अ व्हेरी इंग्लिश स्कँडल'ची सुरुवात हाउस ऑफ कॉमन्सच्या भोजनगृहात होते: लिबरल पक्षाचे खासदार जेरेमी थॉर्प आणि त्यांचे सहकारी पीटर बेसेल जेवता जेवता आपापली गुपितं हलक्या आवाजात एकमेकांना सांगतात. पांढरं टेबलक्लॉथ, ओळखीचे वेटर, आणि १९६५ साल, म्हणजे हे सगळं अजून गुन्हाच. गुन्हा काही अंशी उठला तो १९६७मध्ये, फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये, २१ वर्षांवरच्यांना आणि चार भिंतींआड. स्कॉटलंडला १९८० आणि उत्तर आयर्लंडला १९८२ उजाडलं. मालिकेचा कणा आहे ते थॉर्प यांचा जुना प्रियकर नॉर्मन स्कॉट याचं विमा-कार्ड. मालकाने शिक्के मारलेलं ते कार्ड नसेल तर ना नोकरी, ना भत्ता. स्कॉट पुनःपुन्हा तेच मागत राहतो आणि प्रेक्षकाला आधी हसू येतं, मग कळतं की हा माणूस जगणंच मागतो आहे. थॉमसचं शिफारसपत्र आणि स्कॉटचं कार्ड यांत चाळीसेक वर्षांचं अंतर असेल, पेच एकच. लेखक रसेल टी. डेव्हिस यांचीच २०२१ची 'इट्स अ सिन' एड्सच्या साथीवर आहे. तिच्यात जिल नावाची मैत्रीण आजारी मित्राने चहा प्यालेला मग घासून घासून धुते, भीती जात नाही, शेवटी तो फोडून टाकते. जिल प्रेमळ आहे, पुढे त्या मुलांची सर्वांत जास्त सेवा तीच करते. पण तेव्हा रोग कशाने पसरतो हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. डाउन्टनच्या लॉर्डला असा एकही मग फोडायला लावलेला नाही, म्हणून त्याची माया इतकी स्वस्त वाटते.

१९८१ची ग्रॅनडा टीव्हीची 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' ही मालिका या बाबतीत मजेशीर. तिच्यातला तरुण सरदारपुत्र सबॅस्टियन याच्या ऑक्सफर्डच्या खोलीतल्या दुपारच्या जेवणाला टिटवीच्या जातीतल्या पक्ष्याची अंडी आहेत, आणि ती १९२३च्या टेबलावर अगदी योग्य, कारण ती गोळा करण्यावर निर्बंध आले १९२८च्या कायद्याने. प्रेमाबद्दल मालिका काहीच ठामपणे बोलत नाही. तरीही फसवल्यासारखं वाटत नाही, कारण त्या वर्गात, त्या वयात, ते न बोलणं हीच रीत होती. अचूक मौनसुद्धा अचूकपणाच.

मालिका म्हणजे इतिहासाचं पाठ्यपुस्तक नव्हे, असं यावर हमखास सांगितलं जातं. कबूल. पण मग फूटपट्टी घेतलेला सल्लागार कशाला? अचूकपणाची जाहिरात करून प्रेक्षक जमवायचे आणि अडचणीच्या जागी कल्पनेचं स्वातंत्र्य मागायचं, हे चालणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खरंखुरं दाखवायचं तर समलिंगी पात्राच्या वाट्याला तुरुंग, खंडणी आणि आत्महत्या एवढंच येईल, आणि तरुण प्रेक्षकाने तेच का पाहत राहावं? याचं उत्तर कागदपत्रांतच आहे. लंडनच्या एंडेल स्ट्रीटवरच्या कॅरव्हान क्लब या समलिंगी लोकांच्या अड्ड्यावर १९३४मध्ये धाड पडली. पोलिसांच्या त्या फायली आज लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत नाच आहे, थट्टा आहे, एका पुरुषाने दुसऱ्याला लिहिलेलं प्रेमपत्र आहे. आनंदही पुराव्यासकट सापडतो. २०१९च्या डाउन्टन चित्रपटाने यॉर्कमधला असा गुप्त नाचाचा अड्डा दाखवला, तेव्हा थॉमस पहिल्यांदा मोकळा हसला आणि प्रसंग सुंदर झाला. धाड पडल्यावर तो सुटतो राजघराण्याच्या नोकराने ओळखपत्र पुढे केल्यावर, आणि हेही खरं आहे: हुद्दा मध्ये आला की कायदा बाजूला होतो. बाकीचे कोठडीतच राहिले असतील, पण कॅमेरा त्यांच्यासाठी थांबला नाही.

मराठी प्रेक्षकाला यात परकं वाटायचं कारण नाही. थॉमस ज्या कायद्याला घाबरतो, त्याचंच भावंड असलेलं ३७७ कलम १८६०च्या दंडसंहितेतून मुंबई इलाख्यात आलं, १८६२पासून लागू झालं आणि इंग्लंडातला कायदा सैल झाल्यावरही ५१ वर्षं, सप्टेंबर २०१८पर्यंत, प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांवर टांगलेलं राहिलं. आपल्याकडे ओटीटीवर या मालिका बघून चहाचे कप कसे धरावेत याची चर्चा होते, तेव्हा एवढं ध्यानात असलेलं बरं.

मागणी करायची ती नेमकी करावी. समलिंगी पात्रांची संख्या मोजणारा तक्ता नको. त्याने पटकथा सुधारत नाही, फक्त प्रसिद्धीपत्रक सुधारतं. जुन्या काळाच्या प्रत्येक मालिकेत टेबलासाठी जसा एक सल्लागार असतो, तसा या इतिहासाचा जाणकार असावा. त्याला पटकथा पहिल्या खर्ड्यापासून मिळावी, सहाव्या खर्ड्यानंतर शोभेला नव्हे. त्याने विचारायचे प्रश्नही साधे आहेत. या साली नेमका कोणता कायदा? या माणसाच्या पगाराचा, निजायच्या जागेचा आणि पुढच्या नोकरीचा कागद कोणाच्या हातात? त्याच्याबद्दल कोणाला ठाऊक आहे, आणि ते गप्प राहण्याची किंमत काय घेतात? जेवायला तो कुठे बसतो, आणि त्याचा जिवलग कुठे? आणि काटा उलटा ठेवला म्हणून ब्रूससारखा माणूस जसं चित्रीकरण थांबवू शकतो, तसं समजूतदारपणा दहा-वीस वर्षं आधी उगवला म्हणून यालाही ते थांबवता आलं पाहिजे.